नमुना प्रत

दादानं घरात कॉम्प्युटर आणला तेव्हा बाबांना घरी बसून दीड वर्ष झालं होतं.

बाबा गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे अक्षरं जुळवणारे, होते. सोळाव्या वर्षी लागले, चोपन्नाव्या वर्षी सुटले. मालकानं अक्षरांचे शिशाचे खिळे वजनावर विकले आणि त्या जागी दोन कॉम्प्युटर आणि ते चालवायला दोन मुली बसवल्या. त्या मुलींना ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, हे बाबा घरी इतक्या वेळा सांगायचे की शेवटी आई स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची.

गिरगावातली खोली सोडून आम्ही मीरा रोडला, शांती नगरात आलो तेव्हा मी सातवीत होते. बाबांना हे गाव कधीच आवडलं नाही. इथे दुकानदाराशी हिंदी, शेजारणीशी अर्धं गुजराती आणि घरात आल्यावर जे काही उरेल ते मराठी, असं आमचं चालायचं. बाबा ते ऐकून घ्यायचे नाहीत. बोलताना मधेच थांबवायचे, शब्द नीट म्हणायला लावायचे आणि मगच पुढचं ऐकायचे. पुढचं काय होतं ते तोवर आपण विसरलेलो असायचो.

दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याचं आणि शुद्धलेखनाचं लहानपणापासून वाकडं. तो अकरा वर्षांचा असताना त्याला मे महिन्यात आत्याकडे कोकणात पाठवलं होतं. तिथे त्याला ताप आला. आत्याच्या घरी त्याचं कुणाशी पटेना. त्यानं बाबांना पत्र लिहिलं, एक पानभर. मला इथे करमत नाही, डोकं दुखतं, मला न्यायला या. बाबांनी ते पत्र छापखान्यात नेलं, प्रुफं तपासतात तसं लाल शाईनं तपासलं, समासात खुणा केल्या, खाली चुकांची बेरीज लिहिली आणि पाकिटात घालून त्याला परत पाठवलं. न्यायला गेले नाहीत. दादा जूनमध्ये एका ओळखीच्या माणसाबरोबर परत आला तेव्हा गालफडं बसलेली होती. त्या पत्राबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. मला ते आईनं सांगितलं, तेही पुष्कळ वर्षांनी.

दहावी कशीबशी करून दादा हार्डवेअरचा कोर्स शिकला आणि स्टेशनजवळच्या एका दुकानात कॉम्प्युटर जुळवायला लागला. आमचं मशीन त्यानं तिथल्याच सुट्या भागांतून उभं केलं. हॉलमध्ये फ्रिजशेजारी ठेवलं. मी तेव्हा अंधेरीला एका ऑफिसात डेटा एन्ट्री करायचे, त्यामुळे मलाही थोडंफार येत होतं. बाबा तीन आठवडे नुसते आमच्यामागे उभे राहून बघत होते. मग एके दिवशी विचारलं,

"ह्याच्यात मराठी येतं का?"

दादानं मान न वळवता सांगितलं, "येतं. पैसे असतील तर येतं."

खरंच तसं होतं. मराठी जुळणीचं चांगलं सॉफ्टवेअर यायचं ते एका कुलपासकट. प्रिंटरची वायर लागते त्या जागी एक छोटी डबी बसवायची, ती असेल तरच ते चालायचं. आमच्या घराला ते परवडण्यासारखं नव्हतं. दुसरा मार्ग फुटपाथवरच्या सीडीचा. त्यात कुलूप तोडलेली प्रत मिळायची, कधी चालायची, कधी मशीनच बंद पाडायची. बाबांनी ती नको म्हटलं. "आमच्या इथे एक जण डब्यातून खिळे चोरून न्यायचा," ते म्हणाले. "मी त्याचं नाव मालकाला सांगितलं होतं. आता ह्या वयात मी चोरीचा माल वापरू?"

तिसरा मार्ग कॉम्प्युटरच्या मासिकांबरोबर येणाऱ्या सीडीचा. त्यांच्यावर फुकट म्हणून खूप काही असायचं. काही खरोखर फुकट, काही महिनाभर चालून बंद पडणारं, काही नुसतं चाखायला दिलेलं. बाबांना त्यातला फरक माहीत असायचं कारण नव्हतं. दादाला होता. त्यानं एका सीडीवरून मराठी जुळणीचा एक प्रोग्राम मशीनवर चढवला आणि म्हणाला, "हे घ्या. फुकट आहे. करा काय करायचं ते."

प्रोग्राम दिसायला झकास होता. जोडाक्षरं आपोआप जुळायची. बाबा पहिल्या दिवशी नुसतं घरातल्यांची नावं लिहीत बसले. आठवड्याभरात त्यांचा हात बसला आणि त्यांनी बिल्डिंगच्या फळ्यावर सुबक अक्षरात हातानं लिहिलेला कागद लावला: मराठी अक्षरजुळणी करून मिळेल.

तो कागद वाचून आले ते जवळच्या राई गावचे एक गृहस्थ. बाबांच्याच वयाचे. घरची मिठागरं आणि भातशेती होती, ती गेली. आता त्यांचे पाण्याचे टँकर होते आणि आमच्या सोसायटीला तेच पाणी द्यायचे. हातात शाळेची वही होती. त्यांची आई लग्नात धवले गायची, म्हणजे त्यांच्या समाजात लग्नाच्या विधींना म्हणतात ती गाणी. नातवानं तिच्या तोंडून ऐकून ती वहीत उतरवली होती, बेचाळीस गाणी.

"मास्तर, माजी आय आता थकली हाय," ते म्हणाले. "तिच्यामागारी ही गानी कोनाला येनार न्हाय. माज्या पोरीचा लगीन हाय दीड मह्यन्यानी. तवा पुस्तक वाटायचा हाय."

मी आतून ऐकत होते. वाट बघत होते, बाबा आता त्यांना 'गानी' नाही, 'गाणी' म्हणा असं कधी सांगतात त्याची. बाबांनी मात्र वही कपाळाला लावल्यासारखी दोन्ही हातांनी घेतली. पुढच्या रविवारी स्वतः राईला गेले, म्हातारीसमोर बसले, एकेक ओळ तिच्या तोंडून पुन्हा ऐकली आणि वहीत नातवानं शाळेतल्यासारखं नीट करून ठेवलेलं पुन्हा तिच्या बोलीत करून आणलं.

मी विचारलं, "हे सगळं अशुद्धच छापणार?"

"अशुद्ध काय त्यात?" बाबा म्हणाले. "ती बाई म्हणते तसं पडलं पाहिजे. तिचं आहे ते."

हे मला चाबकासारखं लागलं. कारण त्याच महिन्यात मला बघायला पाहुणे आले होते. चहा झाल्यावर मी मुलाच्या आईला विचारलं, "पानी देऊ का?" मीरा रोडला सगळे तसंच म्हणतात, माझ्या तोंडून निघून गेलं. बाबा पाहुण्यांसमोर म्हणाले, "पानी नाही, पाणी. म्हण." मी म्हटलं. "पुन्हा म्हण." मी पुन्हा म्हटलं. मुलगा खाली बघून हसत होता. त्यांच्याकडून नकार आला. तो काही ह्याच कारणानं आला असं नाही, पण मी ते कारण धरून बसले होते. परक्या म्हातारीला जे माफ होतं ते मला माफ नव्हतं.

तर तो प्रोग्राम रोज सुरू होताना एक इंग्रजी चौकट दाखवायचा. बाबा ती न वाचता एंटर दाबायचे, दादानं तसंच शिकवलं होतं. त्याच सुमाराला एका संध्याकाळी मी शेजारी उभी होते आणि ती चौकट वाचली. ही प्रत फक्त बघण्यासाठी आहे, असं तिच्यात होतं. लिहिता येईल, साठवता येईल, पण छापताना प्रत्येक पानावर तिरकी मोठी अक्षरं उमटतील. ती काढायची तर पूर्ण प्रोग्राम विकत घ्यायचा. लिहिलेलं दुसऱ्या कुठल्या प्रोग्राममध्ये नेता येणार नाही.

बाबांची तोवर सातच गाणी झाली होती.

मी दादाला गॅलरीत गाठलं. "अरे, ते छापताच येणार नाहीये."

"माहीत आहे."

"मग सांग ना त्यांना."

दादा कठड्यावर रेलून खाली बघत होता. म्हणाला, "तू गप्प बस. बघू या किती पानं होतात."

मी गप्प बसले. एवढंच मी केलं, आणि ते रोज केलं. ऑफिसातून आले की बाबा मशीनसमोर बसलेले असायचे, चष्मा कपाळावर, ओठ हलत असायचे. मी आल्याचं दिसलं की म्हणायचे, "आज तीन झाली," किंवा, "हळदीचं गाणं आज संपवलं, बघ काय शब्द आहेत." मी "छान" म्हणायचे. खोटं कशाला सांगू, मला त्यात सुख वाटत होतं. जेवताना त्यांनी माझा शब्द दुरुस्त केला की मी मनात म्हणायचे, करा. आणखी करा.

चार आठवड्यांत बेचाळीस गाणी झाली. दादानं दुकानातून एका दिवसापुरता प्रिंटर आणायचं कबूल केलं, आणि स्वतःहून म्हणाला, "रविवारी त्यांनाच बोलवा ना. त्यांच्यासमोरच पहिलं पान काढू."

बाबांना केवढा आनंद झाला! त्यांना वाटलं, पोरगा पहिल्यांदाच आपल्या कामात रस घेतोय. त्यांनी शर्टाला इस्त्री केली.

रविवारी सकाळी टँकरवाले काका आले ते आपल्या आईला घेऊन. म्हातारी वाकलेली, पण डोळे तरतरीत. तिला खुर्ची दिली तर ती जमिनीवरच बसली. आमच्या आईनं पोहे केले होते. दादानं प्रिंटर जोडला, कागद घातला आणि बाजूला होऊन म्हणाला, "बाबा, तुम्हीच दाबा."

बाबांनी दाबलं. कागद हळूहळू बाहेर आला. आधी वरच्या दोन ओळी दिसल्या, बाबांच्या जुळणीच्या, सरळ, मोकळ्या, मापात. मग त्यांच्यावरून तिरकी, राखाडी, हातभर अक्षरं यायला लागली. बाबांनी कागद उचलून उलटा करून पाहिला, मागच्या बाजूनं काही उमटलंय की काय म्हणून. पुन्हा दाबलं. दुसऱ्या पानावरही तेच. तिसऱ्यावरही.

काकांनी कागद हातात घेऊन वाचलं, "नमुना प्रत. ह्ये काय हाय मास्तर?"

बाबा दादाकडे बघत होते. दादा अगदी शांतपणे, गिऱ्हाइकाशी बोलतात तसं बोलला. "फुकटचं सॉफ्टवेअर आहे ना, काका. त्यात असंच येतं. सुरुवातीलाच लिहिलेलं असतं. बाबांनी वाचलं नसेल."

म्हातारीनं पान मागून घेतलं, मांडीवर पसरलं आणि त्या राखाडी अक्षरांवरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं. मुलाला म्हणाली, "ही मोटी अक्षरा हायत, ती माजी का रं?"

काकांनी बाबांकडे पाहिलं. मग म्हणाले, "हां आये. तुजीच."

तिनं ते पान घडी करून कमरेला खोचलं. ती दोघं पोह्यांना हात न लावता उठली. दारात काका बाबांना म्हणाले, "मास्तर, लगीन सतरा दिवसांवर आला हाय. व्हनार का न्हाय तेवरा सांगा."

"होणार," बाबा म्हणाले.

दार लागल्यावर मला वाटलं, आता बाबा हात उचलतील. त्यांनी उचलला नाही. प्रिंटरमधली पानं गोळा करून टेबलावर नीट रचली आणि दादाला विचारलं, "मुद्दाम केलंस?"

"हो."

"महिनाभर मी इथे बसलो होतो. तू रोज बघत होतास."

"रोज."

"का?"

दादाचा चेहरा पहिल्यांदा हलला. "मी पत्र लिहिलं होतं तुम्हाला. आत्याकडून. ते तुम्ही वाचलं नाहीत. तपासलंत."

बाबा आठवायला लागले. मी त्यांच्याकडे बघत होते, म्हणून खात्रीनं सांगते, त्यांना आठवत नव्हतं. आणि ते न आठवणं दादालाही दिसलं. त्यानं प्रिंटर उचलला आणि तो निघून गेला.

मग बाबा माझ्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला. म्हणाले, "मग दुसरं काही शोध. फुकटच शोध, पण असं नको."

मी दादाच्या सगळ्या सीडी धुंडाळल्या. एकीवर एक मराठी फाँट मिळाला. कुणीतरी हौसेनं करून फुकट वाटलेला. त्याबरोबरच्या कागदात साफ लिहिलं होतं की वापरा, छापा, दुसऱ्याला द्या, काही अट नाही. कुठल्याही साध्या लिहायच्या प्रोग्राममध्ये तो चालायचा. पण त्यात आपोआप काही व्हायचं नाही. अर्ध्या अक्षराची कळ वेगळी, कान्याची वेगळी, वेलांटी आधी मारायची, रफार शेवटी. काही चिन्हांना तर कळच नव्हती, आकडे दाबून ती आणावी लागायची. माझ्या ऑफिसात हा फाँट कुणाच्या हातात दिला असता तर त्यानं तासाभरात सोडून दिला असता.

बाबांनी तो पाचेक मिनिटं पाहिला आणि म्हणाले, "हे तर खिळेच आहेत."

त्यांनी पुठ्ठ्यावर चौकोन आखले, छापखान्यात खिळ्यांचे खण असतात तसे, आणि प्रत्येक चौकोनात कुठली कळ दाबली की कुठला तुकडा येतो ते लिहिलं. अडतीस वर्षं ते अक्षरं तुकड्यातुकड्यांनीच जुळवत आले होते. 'न्हाय'मधला अर्धा न आणि ह जरा लांब पडायचे, ते त्यांनी जागा कमी करून जवळ आणले. ळ बुटका होता, त्याला तेवढ्यापुरतं मोठं केलं. आधीच्या प्रोग्राममधलं एकही अक्षर इकडे आणता येत नव्हतं. सगळं पहिल्यापासून. नवव्या दिवशी दुपारी पुस्तक पुरं झालं. ह्या नऊ दिवसांत दादा घरात यायचा, जेवायचा, जायचा. दोघं एकमेकांच्या अंगावरून जायचे पण बोलायचे नाहीत.

मी फ्लॉपीवर पुस्तकाबरोबर तो फाँटही घातला, नाहीतर बाहेरच्या मशीनवर सगळं किडामुंगी दिसलं असतं. माझी मदत तेवढीच. छपाईच्या एका दुकानात पानं स्वच्छ निघाली, पुस्तक छापलं गेलं, लग्नात वाटलं गेलं.

लग्नानंतर काका पेढे घेऊन आले. बरोबर त्यांचे एक नातेवाईक होते, त्यांना देवस्थानाचं पुस्तक करून हवं होतं. नेमकं त्याच दिवशी दादानं एका मुलीला घरी आणलं होतं. ती त्याच्याच दुकानात बिलं करायची. तिच्याशी लग्न करायचं त्यानं ठरवलं होतं आणि आईला ती पहिल्यांदा दाखवत होता. सगळे हॉलमध्येच बसले. काकांना दोघांत गोडी करायची असावी. ते दादाकडे बघून म्हणाले, "शेवटी पोरानीच शिकवला ना मास्तर?"

बाबांनी पेढा ताटलीत ठेवला.

"हा?" ते म्हणाले. "ह्याला दोन ओळी धड लिहिता येत नाहीत, हा मला काय शिकवणार? लोकांचे स्क्रू पिळतो." मग त्या मुलीकडे वळले, अगदी प्रेमानं. "पत्रिका छापाल तेव्हा मजकूर आधी मला दाखव हो. नाहीतर हा तुझं नावही चुकीचं घालेल."

मुलगी हसली, मग हसायचं नव्हतं हे तिच्या लक्षात आलं. दादा कान लाल करून बसून राहिला. त्या मिनिटभरात तो पुन्हा अकरा वर्षांचा झालेला मी पाहिला, आणि तेव्हाही मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर फ्रिजशेजारची जागा रिकामी होती. दादाचे कपडेही नव्हते. देवस्थानाच्या पुस्तकाची बारा पानं मशीनमध्येच होती, तीही गेली. टेबलावर चिठ्ठी होती: मशीन माझं आहे. घेऊन जातोय.

बाबांनी ती उजेडात धरून वाचली, पुन्हा वाचली. मग म्हणाले, "एकही चूक नाही."

आई तेव्हा जे ओरडली ते मी इथे लिहीत नाही.

दादानं नालासोपाऱ्याला खोली घेतली, तिथेच लग्न केलं. बाबांना बोलावलं नाही. बाबांनी मला एकदाच विचारलं, "जुनं मशीन मिळेल का गं कुठे? हप्त्यानं?" मला पगार होता. मी म्हटलं, "बघते." बघितलं नाही. तेही मी मुद्दामच केलं.

शेवटी ज्या दुकानात ते पुस्तक छापून घेतलं होतं तिथेच बाबा मराठी जुळणीला लागले. तिथे कुलूप लावलेलं, विकत घेतलेलं सॉफ्टवेअर होतं. चार वर्षं काम केलं. दुकानदार त्यांच्या कामावर खूश होता, पण शिकायला येणाऱ्या मुली टिकायच्या नाहीत. एक मुलगी मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, तुमचे बाबा हसून बोलतात आणि घरी गेल्यावर रडू येतं." मी तिला सांगितलं की सोडून दे. तिनं सोडलं.

आणखी काही वर्षांनी बाबा गेले तेव्हा दादा आला. सगळं त्यानं केलं, नीट केलं. तेराव्यानंतर पाहुणे गेल्यावर आम्ही दोघं गॅलरीत बसलो होतो. तो म्हणाला, "मला वाटत होतं तू सांगशील त्यांना."

"काय?"

"ते छापता येणार नाही म्हणून. मी रोज घरी येताना धरून चालायचो की आज तू सांगितलं असेल."

"मग तूच थांबायचंस ना."

"मला थांबता येत नव्हतं," दादा म्हणाला. "तुला येत होतं."

आतून आईनं जेवायला हाक मारली. त्याची मुलगी ताटं मांडत होती. आम्ही उठलो, हात धुतले आणि जेवायला बसलो.